तियागो, जेम्स, याकोब : पाद्रोनच्या वाटेने सांतियागोची वारी

जब्दीचा मुलगा याकोब हा बारा प्रेषितांपैकी पहिला हुतात्मा. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने मारले, एवढेच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात येते. त्या मृत्यूला तिथे एका वाक्यापलीकडे जागा मिळालेली नाही. इ. स. ४४ च्या सुमारास जेरुसलेममध्ये ज्याचे आयुष्य असे एका वाक्यात संपले, त्याच्या नावाने पुढे स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गालिसिया प्रांतात, सांतियागो दे कोम्पोस्तेला हे नगर वसले. त्या नगराकडे हजाराहून अधिक वर्षे माणसे पायी जात राहिली आणि २०२४ या एका वर्षात तिथल्या यात्रेकरू कार्यालयात नोंद झालेल्यांची संख्या पाच लाखांच्या अगदी जवळ पोहोचली. ती वारी मी वडिलांच्या नावाने केली, कारण त्यांचे नाव याच प्रेषिताचे होते.

वडील शाळेच्या दाखल्यावर जेम्स होते. चर्चच्या जुन्या नोंदवहीत त्यांचे नाव लॅटिनमध्ये याकोबुस असे लिहिलेले आहे. रविवारच्या मिस्सेला मराठी शास्त्रपाठात मात्र तोच माणूस याकोब म्हणून भेटतो. आमच्या वसईत आगाशीचे चर्च या प्रेषिताला वाहिलेले आहे, त्यामुळे त्याचे नाव लहानपणापासून कानावर होते. पण जेम्स, याकोबुस आणि याकोब ही एकाच माणसाची नावे आहेत, आणि फुटबॉलच्या मैदानावर ऐकू येणारा तियागोही तोच आहे, हे मला बऱ्याच उशिरा, धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिकवायची वेळ आली तेव्हा उमगले. वडील गेल्यावर त्यांच्यासाठी काही करावे असे मनात होते. सांतियागोला मृत किंवा आजारी माणसाच्या वतीनेही ही वाट चालता येते आणि तशी नोंद प्रमाणपत्रावर करून देतात, असे कळल्यावर निर्णय झाला.

सर्वांत प्रसिद्ध आहे ती फ्रान्सच्या सीमेवरून निघणारी, सुमारे ७८० किलोमीटरची वाट. मी पोर्तुगालमधल्या पोर्तूहून निघणारी, आतल्या गावांतून जाणारी सुमारे २४० किलोमीटरची वाट निवडली. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. आगाशीला हे नाव आले ते लिस्बनच्या बाजूने आले, माद्रिदच्या नव्हे. ज्या मुखाने ते आपल्याकडे आले त्या मुखातून ते ऐकत ऐकत उत्तरेकडे जावे, असे मला वाटत होते. आणखी एक कारण म्हणजे पाद्रोन. प्रेषिताचा मृतदेह घेऊन आलेली नाव जिथे किनाऱ्याला लागली असे परंपरा सांगते, ते गाव याच वाटेवर आहे. फ्रान्सकडून येणाऱ्याला ते पाहायचे तर सांतियागोहून मुद्दाम वाट वाकडी करावी लागते.

पोर्तूच्या कॅथेड्रलमध्ये यात्रेकरूच्या पुस्तिकेवर पहिला शिक्का मिळतो. पुढे प्रत्येक मुक्कामी, चर्चमध्ये, खानावळीत शिक्के घ्यायचे, आणि शेवटच्या शंभर किलोमीटरांत तर दिवसाला दोन घ्यावेच लागतात. वाट दाखवायला भिंतींवर, खांबांवर, दगडांवर पिवळे बाण रंगवलेले असतात. ही पद्धत फार जुनी नाही. ओ सेब्रेइरो या डोंगरी गावाचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच वाटेवर हे बाण रंगवायला सुरुवात केली. त्या वेळी या वारीची परंपरा जवळजवळ विझत आली होती. एका खेड्यातल्या फादरनी हातात रंगाचा डबा घेतला नसता, तर आज इतकी माणसे या वाटेवर दिसली नसती, असे माझे ठाम मत आहे.

पोर्तूबाहेरचा पहिला टप्पा उपनगरांतून आणि ग्रॅनाइटच्या ठोकळ्यांनी फरसबंदी केलेल्या रस्त्यांवरून जातो. त्या ठोकळ्यांवर तळपाय सोलवटून निघतात. आळंदी-देहूच्या वारीसारखी इथे दिंडी नाही, पालखी नाही, विणेकरी नाही. प्रत्येक जण आपापल्या पायांनी आणि आपापल्या वेळेने चालतो, संध्याकाळी आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, सगळे एकत्र येतात. खांद्यावरच्या पिशवीला शिंपला बांधलेला असतो, तेवढीच काय ती सगळ्यांची सामाईक खूण. समोरून येणारे गावकरी ‘बों कामिन्यु’ म्हणतात, वाट चांगली जावो.

साँ पेद्रु द रातिश या छोट्या गावात मी पहिल्यांदा नीट थांबलो. तिथले रोमनेस्क शैलीचे दगडी चर्च ज्या पेत्राच्या नावाचे आहे तो प्रेषित पेत्र नाही. पोर्तुगीज परंपरा सांगते की प्रेषित याकोब स्वतः या भागात आला, त्याने या पेत्राला ब्रागाचा पहिला बिशप नेमले आणि पुढे तोही हुतात्मा झाला. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा टिकत नाही. याकोबाने स्पेनमध्ये किंवा पोर्तुगालमध्ये सुवार्ता सांगितली असे त्याच्या मृत्यूनंतरच्या जवळजवळ सहा शतकांच्या लेखनात कुठे म्हटलेले नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल आपला स्पेनला जाण्याचा मानस सांगतो आणि त्याच पत्रात दुसऱ्याने घातलेल्या पायावर आपण बांधकाम करत नाही असेही म्हणतो. तिथे आधी याकोब जाऊन आला असता तर पौलाने तसे लिहिले नसते, हा युक्तिवाद अभ्यासक वारंवार करतात आणि मला तो पटतो. तरीही त्या चर्चच्या दगडांना हात लावताना मला अवघडल्यासारखे झाले नाही. आपल्या गावाचे नाते प्रेषिताशी जोडावे असे त्या माणसांना किती आतून वाटत होते, ते त्या कथेत दिसते, आणि ते वाटणे खरे आहे.

त्याच मुक्कामी नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या स्वयंसेविका बाईंनी माझा पासपोर्ट उलटून पाहिला. आपल्या पासपोर्टवर वडिलांचे नाव छापलेले असते. ते वाचून त्या म्हणाल्या की त्यांच्या भावाचे नाव तियागो आहे आणि मामाचे जाइमे, पण ही दोन्ही जेम्सचीच रूपे आहेत हे घरात कोणी कधी बोलून दाखवले नव्हते. मग त्यांनी नोंदवहीच्या कागदावर मला उभी ओळ लिहून दाखवली आणि आम्ही दोघांनी मिळून ती पुरी केली.

ती ओळ अशी आहे. हिब्रूत याकोव. उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाचा धाकटा जुळा मुलगा भावाची टाच धरून जन्माला येतो म्हणून त्याला हे नाव मिळाले, आणि पुढे याच याकोबाचे नाव इस्राएल झाले. पहिल्या शतकात पॅलेस्टाइनमधल्या यहुदी घरांत हे नाव सर्रास ठेवले जाई. येशूच्या भोवतीच एकाहून अधिक याकोब होते. जब्दीचा मुलगा तो थोरला याकोब, अल्फीचा मुलगा दुसरा, आणि जेरुसलेमच्या मंडळीचा पुढारी झालेला, ज्याला प्रभूचा भाऊ म्हटले आहे, तो तिसरा. नव्या करारातले याकोबाचे पत्र परंपरा या तिसऱ्याच्या नावावर देते, थोरल्याच्या नाही. ग्रीकमध्ये याकोबोस झाले, लॅटिनमध्ये याकोबुस. बोली लॅटिनमध्ये ‘ब’चा ‘म’ होऊन याकोमुस झाले आणि तिथून इटालियन जाकोमो, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजी जेम्स, स्पेनमध्ये हाइमे आणि पोर्तुगालमध्ये जाइमे निघाले. मूळ याकोबुसपासून निघालेली दुसरी शाखा इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या भूमीत, इयागो झाली. संताला हाक मारताना ‘सांत इयागो’ म्हणत, ते जोडून सांतियागो झाले. मग पोर्तुगीजांनी ते पुन्हा तोडले ते भलत्याच जागी, ‘साँ तियागु’ असे, आणि संताच्या बिरुदातला ‘त’ कायमचा माणसाच्या नावाला चिकटला. म्हणजे तियागो नावाच्या प्रत्येक मुलाच्या नावात ‘संत’ या शब्दाचे शेवटचे अक्षर दडलेले आहे. दिएगो हे नावही यातूनच आले असे पुष्कळ लोक मानतात, पण भाषातज्ज्ञांत त्यावर एकमत नाही.

मराठी बायबल वाचणाऱ्याला यात एक फायदा आहे, आणि त्याचे मोल मला त्या टेबलावर कळले. इंग्रजी बायबलमध्ये कुलपिता जेकब आणि प्रेषित जेम्स अशी दोन वेगळी नावे आहेत. इंग्रजी वाचकाला सांगितल्याशिवाय नाते कळत नाही. आपल्याकडे दोघेही याकोब आहेत. आपल्या भाषांतरकारांनी हे नाव तोडले नाही, म्हणून जब्दीने आपल्या मुलाचे नाव ठेवताना कोणत्या पूर्वजाची आठवण ठेवली ते मराठी वाचकाला आपोआप दिसते.

बार्सेलुश गावात कोंबड्याची चित्रे दुकानादुकानांत आहेत. चोरीच्या आळातून सुटलेल्या यात्रेकरूची ती गोष्ट पोर्तुगालभर माहीत आहे. निर्दोष यात्रेकरूला फाशी सुनावली जाते, न्यायाधीशाच्या ताटातला भाजलेला कोंबडा आरवतो आणि माणूस वाचतो. मला मात्र तिथल्या उघड्या पुरातत्त्व संग्रहालयातला जुना दगडी क्रूस अधिक भावला. त्याच्यावर फासावर लटकलेल्या माणसाला खालून आधार देणारा याकोब कोरलेला आहे. गोष्ट सांगताना लोक कोंबड्यावर थांबतात; दगड कोरणाऱ्याने मात्र त्या माणसाच्या तळव्यांखाली प्रेषिताचा हात ठेवला.

पाँत द लिमाचा लांब पूल, त्यापुढे लाब्रुजाची दमछाक करणारी चढण आणि मग वालेन्साचा किल्ला, असे करत वाट मिन्यु नदीवर येते. पलीकडे स्पेन. लोखंडी पूल ओलांडला की घड्याळ एक तास पुढे करावे लागते आणि साँ तियागु पुन्हा एका दमात उच्चारला जाणारा सांतियागो होतो. गालिसियाची आपली भाषा वेगळी आहे, पोर्तुगीजला फार जवळची. तिथे वाटेला ‘कामिन्यो’ म्हणतात आणि माणसाचे नाव म्हणून इयागो व शाकोबे ही रूपे अजून वापरात आहेत. वाटेच्या कडेला ग्रॅनाइटचे खांब उभे असतात, त्यांवर शिंपला कोरलेला असतो आणि खाली सांतियागोपर्यंतचे उरलेले अंतर लिहिलेले असते. निलगिरीच्या रानातून, द्राक्षांच्या दगडी मांडवांखालून, धान्य साठवायच्या उंच दगडी कोठारांजवळून वाट जाते. पोंतेवेद्रात यात्रेकरू मरियेचे छोटे चर्च आहे, त्याचा तळच शिंपल्याच्या आकाराचा आहे. काल्दास द रेइसला गरम पाण्याचे झरे आहेत. दिवसभर चाललेल्या सगळ्यांनी तिथे पाय बुडवले, मीही बुडवले.

पाद्रोनला मी सकाळी पोहोचलो. सार नदीच्या काठी, पुलाला लागून, सांतियागोचे चर्च आहे. वेदीच्या खाली दोन लहान झडपा आहेत. त्या उघडल्या की आत दिवा लागतो आणि एक भुरकट, कमरेएवढा दगड दिसतो. रोमन काळातला तो शिलास्तंभ आहे, त्याच्यावरची लॅटिन अक्षरे झिजली आहेत, आणि काही अभ्यासकांच्या मते मुळात तो समुद्रदेव नेपच्यूनला वाहिलेला असावा. या दगडालाच ‘पेद्रोन’, म्हणजे मोठा दगड, म्हणतात, आणि गावाला त्याचेच नाव पडले आहे. परंपरा सांगते की अथानासियुस आणि थिओडोरस या शिष्यांनी प्रेषिताचा देह जेरुसलेमजवळच्या बंदरातून नावेत घातला. शीड नसलेली, सुकाणू नसलेली ती नाव देवदूतांच्या वाटाडेपणाने इथवर आली आणि तिचा दोर या दगडाला बांधला गेला.

मी खाडीकाठचा माणूस आहे. पाद्रोन आज समुद्रापासून बरेच आत आहे, पण नदी पुढे उल्या नदीला मिळते आणि उल्या आरोसाच्या खाडीत उतरते, हे नकाशात पाहिले होते. काठावर उभे राहिल्यावर तो प्रदेश मला ओळखीचा वाटला. भरतीच्या पाण्यावर नावा आत आणायच्या, ओहोटीपूर्वी माल उतरवायचा आणि दोर बांधायला काठावर पक्का दगड हवा, हा आमच्या किनाऱ्याचाही रोजचा व्यवहार. शेजारच्या इरिया फ्लाविया या रोमन वस्तीचे हे बंदर होते. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी, समुद्राने येणारी प्रत्येक गोष्ट, माल असो वा धर्म, या प्रांतात इथूनच आत शिरली असणार. आमच्याकडेही ती तशीच शिरली.

झडपांसमोर गुडघे टेकून मी मार्काच्या शुभवर्तमानातला पहिला अध्याय वाचला. गालील समुद्राच्या काठी याकोब आणि योहान तारवात बसून जाळी नीट करत आहेत. येशू त्यांना हाक मारतो आणि ते बाप जब्दीला मोलकऱ्यांसह तारवात सोडून त्याच्यामागे जातात. हा वृत्तान्त कितीतरी वेळा ऐकला होता, पण जाळी नीट करणे म्हणजे काय, हे आमच्या कोळीवाड्यात ज्याने पाहिले आहे त्याला ठाऊक आहे. फाटलेले डोळे शोधायचे, सुई आणि दोरा हाती घेऊन एकेक गाठ मारायची. हे काम अर्धवट टाकून कोणी उठत नाही. ते दोघे उठले. बाप मागे राहिला, आणि ग्रंथ त्या बापाविषयी पुढे काहीच सांगत नाही. माझे लक्ष त्या दिवशी जब्दीपाशी अडकून राहिले.

चर्चसमोर नदीपलीकडे टेकडी आहे, वर ‘सांतियागिन्यो दो मोंते’ नावाचे ठिकाण. प्रेषिताने जिवंतपणी तिथे प्रवचन केले असे लोक मानतात. ‘सांतियागिन्यो’ म्हणजे लाडका, धाकुटा सांतियागो. थोरल्या याकोबाला धाकुटा म्हणणारे हे गावचे नाव मला या सगळ्या प्रवासात सर्वांत प्रेमळ वाटले.

याच्या उलट टोकाला ‘मातामोरोस’ हे नाव आहे, मूर लोकांना, म्हणजे स्पेनमधल्या मुसलमानांना, मारणारा. त्याविषयी बोलल्याशिवाय या प्रेषिताच्या वारशाविषयी खरे बोलता येत नाही. ८४४ मध्ये क्लाविहोच्या लढाईत पांढऱ्या घोड्यावर बसून, तरवार उपसून सांतियागो ख्रिस्ती सैन्याच्या मदतीला आला अशी आख्यायिका बाराव्या शतकात लिहिली गेली. ती लढाई झालीच नव्हती, असे इतिहासकार आज मानतात. पण नाव चालू लागले. ‘सांतियागो’ ही युद्धघोषणा झाली. बाराव्या शतकात त्याच्या नावाने लढवय्या सरदारांचा संघ निघाला. वास्को द गामा त्या संघाचा सदस्य होता. पोर्तुगीज सेनापती आफोन्सु द आल्बुकेर्कने मलाक्कावर पहिला हल्ला केला तो मुद्दाम २५ जुलै १५११ या सांतियागोच्या सणाच्या दिवशी. त्याआधीच्या वर्षी गोवा त्याच्या हाती आले होते. आमच्या किनाऱ्यावर विश्वास आला आणि तरवारही आली, आणि दोघांच्या तोंडी एकच नाव होते. वसईचा ख्रिस्ती माणूस म्हणून मला ते दोन्ही मान्य करावे लागते. अमेरिकेत हेच नाव पेरूच्या मूळ रहिवाशांविरुद्ध वापरले गेले. तिथे एक विलक्षण गोष्ट घडली. अँडीजच्या लोकांनी गडगडणाऱ्या तोफांच्या या संताला आपल्या विजांच्या देवाशी, इल्यापाशी, जोडून टाकले आणि विजेशी संबंध मानलेल्या मुलांना सांतियागो म्हणू लागले. येशूने याकोब आणि योहान यांना ‘बोआनेर्गेस’, म्हणजे गर्जनेचे पुत्र, हे टोपणनाव दिले होते, त्याची अशी परतफेड समुद्रापलीकडे झाली.

ते टोपणनाव कशामुळे मिळाले ते ग्रंथ सांगत नाही. पण लूकच्या नवव्या अध्यायात एक प्रसंग आहे. शोमरोनी लोकांच्या एका गावाने येशूला उतरू दिले नाही, तेव्हा या दोघा भावांनीच विचारले की आकाशातून अग्नी पडून यांचा नाश व्हावा असे आम्ही म्हणावे काय? येशू वळला आणि त्याने त्यांना धमकावले. मग ते दुसऱ्या गावी गेले. परक्या धर्माच्या माणसांवर आग पाडण्याची इच्छा याकोबाच्या मनात खरोखर आली होती आणि त्याच्या गुरूने ती जागच्या जागी मोडून काढली होती. मातामोरोस ही त्या मोडलेल्या इच्छेची मूर्ती आहे. ज्यांनी ती घडवली त्यांनी प्रेषिताचे नाव घेतले आणि प्रेषिताला मिळालेली समज टाकून दिली, असे मी म्हणेन, आणि त्यात माझ्या गावच्या चर्चचे बांधकाम करणाऱ्या राज्यकर्त्यांनाही धरेन.

पाद्रोनहून सांतियागो सुमारे २५ किलोमीटर. शेवटचा टप्पा चढावाचा आणि शेवटी शहराच्या रहदारीचा आहे. वर्णन करण्यासारखे त्यात थोडे आहे. ‘कोम्पोस्तेला’ या नावाचा अर्थ ताऱ्यांचे मैदान असा लोक सांगतात, कारण नवव्या शतकाच्या पूर्वार्धात पेलायो नावाच्या एकांतवासी माणसाला रानात दिवे दिसले, त्याने इरियाचा बिशप थेओदोमिरो याला कळवले आणि तिथे थडगे सापडले, अशी कथा आहे. राजा दुसरा अल्फोन्सो याने तिथे पहिले चर्च बांधले. पण बरेच भाषातज्ज्ञ हे नाव लॅटिनमधल्या पुरण्याच्या जागेशी, दफनभूमीशी जोडतात, आणि कॅथेड्रलखाली खरोखर जुनी रोमन दफनभूमी निघालेली आहे. थेओदोमिरोही कित्येक शतके कथेतला माणूस समजला जात होता; १९५५ मध्ये उत्खननात त्याच्या थडग्यावरची शिळा सापडली, तिच्यावर ८४७ हे मृत्यूचे वर्ष आहे. बिशप तरी खरा होता. थडग्यातला देह कोणाचा, हा प्रश्न उरतोच. १५८९ मध्ये इंग्रज आरमाराच्या भीतीने अस्थी लपवल्या गेल्या, त्या १८७९ मध्ये पुन्हा सापडल्या, आणि १८८४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी त्या प्रेषिताच्या म्हणून मान्य केल्या. जेरुसलेममधल्या संत याकोबाच्या आर्मेनियन कॅथेड्रलमध्ये मात्र प्रेषिताचे शिर तिथे पुरलेले आहे असे मानतात.

सध्याच्या कॅथेड्रलचे काम १०७५ मध्ये सुरू झाले. आत तीन याकोब भेटतात. बाजूच्या एका वेदीवर घोड्यावरचा मातामोरोस आहे. त्याच्या घोड्याच्या पायांखालच्या माणसांचे पुतळे फुलांनी झाकलेले होते. ती फुले कोणाच्या संकोचातून आली असतील, त्याला मी मनापासून धन्यवाद देतो. मुख्य वेदीवर यात्रेकरूंना पाठीमागून मिठी मारू देणारा, बसलेला याकोब आहे. तिसरा जुन्या पश्चिम दरवाजात, कलाकार मातेओने बाराव्या शतकाच्या शेवटी घडवलेल्या ‘महिमाद्वारा’च्या मधल्या खांबावर आहे. हातात काठी, चेहऱ्यावर शांतपणा, आणि दुसऱ्या हातात लॅटिन अक्षरांची पट्टी : ‘प्रभूने मला पाठवले’. तरवार नाही, घोडा नाही. आपण मराठीत या बारा जणांना प्रेषित म्हणतो, पाठवलेले, तेच तिथे दगडात लिहिलेले आहे. मी त्याच्यासमोर सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो, कारण ज्याला वडिलांचे नाव वाहायचे तो मला तिथे सापडला.

मिठी मारायच्या रांगेत प्रत्येकाला काही क्षणच मिळतात. खाली तळघरात चांदीची पेटी आहे. तिथे मी वडिलांसाठी प्रार्थना केली आणि जब्दीसाठीही केली. याकोबाने येशूकडे वैभवात उजव्या-डाव्या हाताची जागा मागितली होती आणि येशूने उलट विचारले होते की मी जो प्याला पिणार आहे तो तुम्हाला पिता येईल काय? ‘येईल’ असे तो म्हणाला. जागा मिळाली की नाही ते आपल्याला ठाऊक नाही; प्याला मिळाला, सगळ्या बारांमध्ये सर्वांत आधी.

यात्रेकरू कार्यालयात शिक्क्यांची पुस्तिका तपासतात आणि लॅटिनमधले प्रमाणपत्र देतात. आपले नावही शक्य तिथे लॅटिनमध्ये लिहिले जाते. मी वडिलांच्या वतीने चाललो असे सांगितल्यावर टेबलामागच्या तरुणाने खाली ‘याच्या वतीने’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द लिहिले आणि वडिलांचे नाव विचारले. मी जेम्स म्हणालो. त्याने क्षणभरही न थांबता ‘याकोबो’ लिहिले.

पुढचे पवित्र वर्ष २०२७ मध्ये आहे. २५ जुलैचा सण रविवारी आला की कॅथेड्रलचे पवित्र द्वार उघडते, आणि त्या वर्षी तो रविवारी येतो. तेव्हा गर्दी फार होईल, आल्बेर्गेत जागा मिळणे अवघड होईल. आगाशीहून, नंदाखालहून, उत्तनहून कोणी निघणार असेल तर मी त्यांना पोर्तूची वाट सुचवीन, निदान सीमेवरच्या तुइ गावापासूनची. तिथून शंभर किलोमीटरांची अट पुरी होते. पाद्रोनला मुक्काम ठेवावा, चर्च उघडे असण्याची वेळ आधी विचारून घ्यावी, आणि सोबत मराठी नवा करार असावा.